रपेट : पुरानी बस्ती ते पाटणचा रस्ता

घोड्यावर बसून सहज मोकळ्यावर जाऊन येणे, यास आपल्याकडे रपेट म्हणतात. स्वारी निराळी, मजल निराळी आणि रपेट निराळी. स्वारीस मुहूर्त लागे, मजलेस मुक्काम लागे. रपेटीस घोडा आणि रिकामा वेळ यांखेरीज काही लागत नसे. जुन्या कागदपत्रांतून स्वाऱ्यांची वर्णने हवी तितकी सापडतात, मजलांचे हिशेब कोसागणिक सापडतात. रपेटीची नोंद मात्र कोणी ठेवलेली नाही. तिचा खर्च कोणाच्या खाती पडत नव्हता, आणि ज्याचा खर्च खाती पडत नाही त्याची टिपणीही कोणी लिहीत नाही, हे सरकारी कचेरीत चार वर्षे काढलेल्या मनुष्यास निराळे समजावून सांगावयास नको.

आम्ही रायपुरास केंद्र सरकारच्या एका कचेरीत कारकून आहोत आणि बिऱ्हाड पुरानी बस्तीत आहे. सायंकाळी कचेरी सुटली की घरी येऊन, चहा घेऊन, मोटारसायकल बाहेर काढावी आणि शहराबाहेर शेताशेतांतून तासभर हिंडून यावे, असा परिपाठ गेली काही वर्षे पडला आहे. कोणी विचारतात, यात काय मिळते? मिळत काहीच नाही. दिवसभर जे पाहावे लागते त्याहून निराळे काही पाहावयास सापडते, एवढेच. फाईल आता कागदाचीही राहिलेली नाही. ती पडद्यावर उगवते व पडद्यावरच मावळते. खालून आलेले वर पाठवावे, वरून आलेले खाली पाठवावे, आणि ज्या गावाचे, ज्या रस्त्याचे वा ज्या मनुष्याचे ते प्रकरण असेल ते गाव, तो रस्ता, तो मनुष्य कधीही दृष्टीस पडू नये, अशी या धंद्याची रीत आहे. आपल्यापैकी जे लखनौ, पाटणा, भुवनेश्वर येथे दूर बदलीवर आहेत त्यांस हे ओळखीचे वाटेल.

या रपेटीस वेळ किती सापडतो, तेही सांगण्याजोगे आहे. 1985 च्या जूनपासून केंद्र सरकारच्या कचेऱ्यांस सहाऐवजी पाच दिवसांचा आठवडा मिळाला आणि त्याच्या मोबदल्यात रोजचे तास वाढले. शनिवार हाती आला, पण रोजची संध्याकाळ आखडली. रायपुरास डिसेंबरात सूर्य साडेपाचच्या आत मावळतो, तेव्हा सहाला सुटणाऱ्याच्या वाट्यास अंधारच येतो. ज्येष्ठात उजेड असतो, पण डांबरावरून येणारी वाफ साडेसहालाही चेहरा भाजून काढते. तरीही माणसे बाहेर पडतात. आमच्या कचेरीतील तीन-चारजण तरी या ना त्या दिशेस पडतात. कोणी तेलीबांध्याच्या बाजूस, कोणी जुन्या धमतरी रस्त्यास.

वाहनाविषयी दोन शब्द लिहिणे भाग आहे, कारण कारकुनाच्या मांडीखाली मोटारसायकल ही गोष्ट फार जुनी नव्हे. स्वातंत्र्यानंतरच्या पहिल्या दशकांत कारकून सायकलवर बसे आणि त्यासाठीही सरकारकडून आगाऊ रक्कम घेई. मद्रासेस 1955 साली एन्फील्ड इंडिया निघाली व बुलेट येथे तयार होऊ लागली, पण बुलेट ही लष्कराची व पोलिसांची स्वारी. म्हैसुरास 1960 नंतर जावा होऊ लागली, एस्कॉर्ट्सची राजदूत 1962 च्या सुमारास आली. या राजदूतीने खेडे पाहिले; दूधवाल्याच्या कासंड्या, बीबियाण्याची पोती आणि नवपरिणीत वधू यांस तिने सारख्याच खडखडाटाने वाहिले. पुढे 1985 साली हीरो होंडाची शंभर सी.सी.ची गाडी आली आणि थोड्या पेट्रोलात फार दूर जाता येते असे कळल्यावर कारकुनानेही हिशेब मांडून पाहिला. सरकार मोटारसायकलीसाठी व्याजी आगाऊ रक्कम देत असे. सातव्या वेतन आयोगानंतर 2016 साली तीही बंद झाली. आमची गाडी अशीच शंभर सी.सी.ची, मध्यम वयाची आहे. तिच्यात शान नाही. परंतु ती चालू असता फोन ऐकू येत नाही, हा गुण अनेक थोर गाड्यांत नसावा.

असो. रस्त्याकडे वळू.

पुरानी बस्ती हे नाव ऐकून परगावचा मनुष्य एखाद्या पडक्या वस्तीची कल्पना करतो. प्रत्यक्षात हा रायपूरचा मूळ गाभा आहे : महामायेचे देऊळ, मठ, अरुंद गल्ल्या, आणि दोन्ही बाजूंस तळी. एकीकडे बूढा तालाब, दुसरीकडे महाराजबंध. या दोन तळ्यांच्या मध्ये हैहयवंशी राजांचा किल्ला होता. राजा भुवनेश्वरसिंहाने तो 1460 साली बांधला असे जुने गॅझेटिअर सांगते. किल्ला गेला, पण तळी राहिली. महाराजबंधाची कथा विशेष लक्षात ठेवण्यासारखी आहे, कारण हे तळे बांधले ते मराठ्यांच्या अमलातील महाराज दानी नावाच्या एका मक्तेदाराने, म्हणजे सरकारासाठी सारा उगवणाऱ्या माणसाने. त्याच्याच जवळ बिंबाजी भोसल्यांनी 1775 साली रामचंद्राचे देऊळ बांधविले. साऱ्यातून तळे आणि साऱ्यातून देऊळ. आमच्या रपेटीचा पहिला फर्लांगच असा हिशेबाच्या कडेकडेने जातो.

पुढे लागते लाखेनगर. हे नाव वामनराव लाख्यांचे. त्यांच्याविषयी मागाहून लिहू. तेथून सुंदरनगर, रायपुरा, आणि पाच-सहा किलोमीटरांवर खारुन नदीचा महादेवघाट. आज हा सर्व रस्ता दुकानांनी व दवाखान्यांनी भरलेला आहे आणि येणारा-जाणारा समजतो की शहर नव्यानेच इकडे पसरले. खरी गोष्ट उलटी आहे. सध्याचे मध्यवर्ती रायपूर 1830 नंतरचे; त्यापूर्वीचे जुने गाव दक्षिण-पश्चिमेस असून त्याची वस्ती महादेवघाटापर्यंत पोचत असे, असे 1870 च्या गॅझेटिअरात नमूद आहे. म्हणजे संध्याकाळच्या गर्दीत हॉर्न वाजवीत आम्ही जातो ते एका बुजलेल्या शहरावरून. घाटावर हाटकेश्वर महादेव आहे. राजा ब्रह्मदेवाच्या काळी, 1402 साली, नायक हाजिराजाने हे देऊळ उभारल्याचा शिलालेख आहे. मराठे येथे आले त्यापूर्वी साडेतीनशे वर्षे या घाटावर घंटा वाजत होती, हे आपल्या लोकांनी ध्यानात ठेवलेले बरे. आपल्या घरातील बोलण्यात रायपूरचा इतिहास बहुधा बिंबाजींपासून सुरू होतो.

नदी ओलांडली की दुर्ग जिल्हा लागतो. नियमाची काटेकोर तामिली करावयाची तर पुलाच्या मध्यावर थांबून मुख्यालय सोडण्याची परवानगी मागावी लागेल. पलीकडे अमलेश्वर, आणि तेथून सरळ गेले की पाटण. अमलेश्वरच्या पुढे घरे विरळ होतात, वारा बदलतो, आणि ज्यासाठी निघालो ते दिसू लागते.

ते म्हणजे भाताचे रान. कोकणातल्या वाचकाने आपल्या खाचरांची आठवण करू नये. तेथे भात डोंगरांच्या कुशीत राहते, येथे ते क्षितिजापर्यंत जाते. जमिनीस या मुलखात प्रत्येक पोतानुसार नाव आहे : काळी ती कन्हार, पिवळसर ती मटासी, दोहोंमधली डोरसा, आणि मुरमाड उजाड ती भाठा. गावाबाहेरच्या शेतरानास खार म्हणतात, तळ्यास तरिया. श्रावणात उभ्या भातातून नांगर फिरवतात, त्यास बियासी म्हणतात. प्रथम पाहणाऱ्यास वाटते की कोणी रागाने पीक मोडीत आहे. कार्तिकात भात कापल्यावर पैऱ्याच्या गंजी उभ्या राहतात आणि त्यांच्या वासाने अंगातील कचेरी हळूहळू उतरते. गाडी चाळीसच्या वर न्यावयाची नाही, हा आमचा नियम. चाळीसच्या खाली असले की इंजिनाच्या आवाजामागून बैलांच्या घंटाही ऐकू येतात.

आता इतिहासाची गोष्ट. पाटण हे नाव आम्ही प्रथम रस्त्याच्या पाटीवर वाचले आणि मग कागदांत वाचले. आणि कागदांत वाचल्यावर पाटी पूर्वीसारखी राहिली नाही.

1741 साली नागपूरकर रघूजी भोसल्यांचा सेनापती भास्करराम कोल्हटकर बंगालच्या स्वारीवर निघाला, तो वाटेत रतनपुरावर उतरला. राजा रघुनाथसिंह वृद्ध होता. तोफा लागल्या, राजवाड्याचा काही भाग ढासळला, आणि शहरावर एक लाख रुपयांची खंडणी बसली. भास्करराम पुढे गेला. 1744 साली बंगालात अलीवर्दीखानाने त्यास दग्याने मारले, आणि आपल्या इतिहासग्रंथांस त्या दग्याची चीड आजही आहे. त्या लाख रुपयांविषयी मात्र आपल्या ग्रंथांत सहसा एक ओळ असते, तीही स्वारीच्या खर्चाची तजवीज म्हणून. रतनपूर पडले तरी हैहयांची रायपूरची धाकटी पाती काही वर्षे तशीच राहिली. 1750 साली तिचा राजा अमरसिंह याची सत्ता काढून घेण्यात आली आणि त्यास रायपूर, राजिम व पाटण हे तीन परगणे देण्यात आले, वर्षास 7000 रुपये भरण्याच्या बोलीवर. तो 1753 साली वारला. पुढे बिंबाजींच्या अमलात त्याचा मुलगा शिवराजसिंह याच्याकडे बडगाव व आणखी काही गावे माफीने, आणि रायपूर परगण्यातील गावागणिक एक रुपया, एवढे उरले.

गावागणिक एक रुपया. राजाच्या मुलास दिलेली ही पेन्शन होय. आम्ही वेतनाच्या शाखेत काम केले आहे आणि पेन्शनीच्या कागदांची आम्हांस सवय आहे. तरी हा आकडा वाचून आम्ही पुस्तक मिटले. राजिमचा रस्ता आणि पाटणचा रस्ता, हे आमच्या दोन आवडत्या रपेटींचे रस्ते. म्हणजे ज्या दोन वाटांनी आम्ही मनाचा शीण घालवावयास जातो, त्याच दोन वाटांनी एके काळी आपल्याच भाषेत बोलणारे स्वार सात हजारांच्या वसुलीस जात होते.

बिंबाजींविषयी अन्याय होऊ नये. 1758 पासून 1787 पर्यंत ते रतनपुरास राहिले, नागपुरास बसून राज्य केले नाही, आणि त्यामुळे रयतेस त्यांचे तोंड तरी ठाऊक होते. दरबारात मराठी व मोडी त्यांनी आणली. दसऱ्यास सोने वाटण्याची आपली चाल या मुलखात त्यांच्यापासून पडली असे मानतात, आणि येथील लोक ती आपली म्हणून अजून पाळतात. परंतु बिंबाजी वारल्यावर व्यंकोजी भोसले नागपुरास राहू लागले आणि छत्तीसगढावर सुभेदार आले. हैहयांच्या काळचे गढांचे जाळे मोडून सत्तावीस परगणे केले गेले, परगण्यावर कमाविसदार बसला आणि सुभेदारी मक्त्याने जाऊ लागली. मक्त्याने घेतलेली सुभेदारी कशी वसूल होते, ते सांगावयास इतिहासकार नको. जमीनदारांकडून टकोली, व्यापाऱ्याकडून सायर, कलालाकडून कलाली, आणि जो शेतकरी नाही त्याच्याकडून पांढरी.

हा पांढरी शब्द पाहून आम्ही चमकलो. आपल्याकडे काळी म्हणजे शेताची जमीन आणि पांढरी म्हणजे गावठाणाची. काळी आई आणि पांढरी, हे शब्द आपण मायेने उच्चारतो. येथे त्या पांढरीचा कर झाला. आपला सर्वांत जिव्हाळ्याचा शब्द परमुलखात वसुलीच्या खात्याचे नाव होऊन राहावा, याहून निराळा पुरावा आपल्या अमलाविषयी कोणी शोधू नये.

1795 साली कॅप्टन ब्लंट नावाचा इंग्रज या मार्गाने गेला. रायपुरास त्याने सुमारे तीन हजार झोपड्या मोजल्या. 1818 नंतर भोसल्यांच्या वतीने इंग्रजांनी कारभार हाती घेतला तेव्हा ॲग्न्यूने राजधानी रतनपुराहून रायपुरास आणली, सत्तावीस परगण्यांचे आठ केले, आणि 1820 साली या सुभ्याची एक विस्तृत कैफियत लिहिली. ती वाचताना आपण इंग्रजाचे शब्द वाचीत आहोत हे विसरू नये. आपल्या राज्याची तारीफ करावयाची तर आधीच्या राज्याचे वाभाडे काढावे लागतात, ही कारकुनी युक्ती त्यासही अवगत होती. पुढे 1830 साली कारभार पुन्हा नागपूरकरांकडे आला, मराठी जिल्हेदार आले, आणि 1854 साली डलहौसीने नागपूर खालसा केल्यावर ते गेले. मग इंग्रज अधिकाऱ्यांचे हिवाळी दौरे सुरू झाले. तंबू, घोडे, खानसामे, आणि जमिनीची मोजणी. हेविटसाहेबाच्या 1869 च्या बंदोबस्ताने या रानाच्या सीमा कागदावर आल्या.

तेव्हा शतकानुशतके या बांधांवर जो घोड्यावरून आला तो काही मागावयास किंवा काही मोजावयास आला. मराठा आला, इंग्रज आला. सहज म्हणून कोणी आला नाही. रपेटीची नोंद कागदांत नाही असे आम्ही वर म्हटले, त्याचे एक कारण हेही असेल की पाटणच्या वाटेवर ती फारशी झालीच नसावी.

हे सर्व आम्ही पुस्तकांतून काढले असते तर विषय तेथेच संपला असता. पण एका ज्येष्ठी सायंकाळी, अमलेश्वरच्या पुढे एका फाट्यावर गाडी उभी करून आम्ही खाराकडे पाहत असता, बांधावरून एक वृद्ध शेतकरी आला. खांद्यावर पंचा, हातात काठी. आमच्या पायांतील बूट, खांद्याची पिशवी, गाडी, हे सर्व क्रमाने पाहून त्याने विचारले, "नापे बर आये हव का, साहब?" म्हणजे, मोजावयास आलात काय?

आम्ही म्हटले, "नहीं कका, अइसने घूमे बर."

"घूमे बर?" म्हातारा क्षणभर थांबला. मग दंतहीन हसून म्हणाला, "पेट्रोल फूँक के?"

त्याचा हा दुसरा प्रश्न आमच्या कचेरीत पुष्कळ हशा मिळवून गेला. पण पहिला प्रश्न आमच्या मनातून गेला नाही. त्याच्या विचारण्यात राग नव्हता, भीती म्हणावी तर तीही उघड नव्हती. पाऊस येईल काय, असे विचारावे त्या आवाजात त्याने विचारले होते. रायपूरच्या आसपास हल्ली मोजणी फार चालते. पूर्वेस नवे रायपूर वसले आहे. तेथील प्रकल्पग्रस्त शेतकऱ्यांनी 2022 च्या जानेवारीपासून मोबदल्यासाठी व पुनर्वसनासाठी दीर्घ धरणे धरले होते. धमतरीकडे जाणारी, 1900 साली सुरू झालेली लहान गाडी शहरातून उठली आणि तिच्या वाटेवर द्रुतगती रस्ता झाला. नवे मार्ग आखले जात आहेत, आणि प्रत्येक मार्गापूर्वी बूट घातलेला, पिशवी लटकवलेला एक मनुष्य बांधावर येऊन उभा राहतो. त्या मनुष्याचे वाहन बहुधा मोटारसायकलच असते. म्हाताऱ्याची गफलत झाली असे आम्हांस वाटत नाही. अशा प्रकरणांतील एखादी फाईल आमच्या पडद्यावरूनही गेली असेल. गावाचे नाव तेव्हा आमच्या लक्षात राहिले नाही, कारण ते लक्षात ठेवणे हा आमच्या कामाचा भाग नव्हता.

येथे कोणी म्हणेल की हा लेखक आपल्याच लोकांचे दोष दाखविण्यास बसला आहे. तसे नव्हे. या मुलखात आलेले आपले लोक सर्वच कमाविसदार नव्हते, आणि म्हणून लाखेनगरकडे परत वळले पाहिजे. वामनराव लाखे रायपुरातच जन्मले, येथेच वकिली केली. 1900 च्या जानेवारीत पेंड्र्याहून माधवराव सप्रे व रामराव चिंचोलकर यांनी 'छत्तीसगढ मित्र' हे हिंदी मासिक काढले, त्याचे प्रकाशक वामनराव. पुढे 1913 साली येथे सहकारी बँक काढण्यात ते पुढे होते. सावकाराच्या दारचा शेतकरी बँकेच्या दारी यावा म्हणून झटणारा एक मराठी मनुष्य याच गल्ल्यांत राहत होता. सप्र्यांची शाळा बूढा तालाबाच्या काठी आहे. त्यांनी दासबोध हिंदीत नेला, टिळकांचे गीतारहस्य हिंदीत नेले, आणि 1926 साली याच शहरी देह ठेवला. आणखी एक नाव आमच्या लोकांस कमी ठाऊक आहे. 1920 साली धमतरीजवळच्या कंडेल गावावर कालव्याचे पाणी चोरल्याचा आरोप ठेवून सरकारने दंड बसविला, गुरे जप्त केली. गावाने दंड भरण्याचे नाकारले. पंडित सुंदरलाल शर्मा, बाबू छोटेलाल श्रीवास्तव यांच्याबरोबर त्या सत्याग्रहात नारायणराव मेघावाले होते. 1741 साली खंडणी बसविणारा मराठी होता. 1920 साली खंडणी भरू नका म्हणून सांगत हिंडणाऱ्यांतही एक मराठी होता. जुन्या धमतरी रस्त्याने जाताना आम्ही या दुसऱ्याची आठवण काढतो.

आपल्यातील पुष्कळजण बदलीच्या गावी चार वर्षे काढतात आणि त्या गावचे म्हणून त्यांस घर ते कचेरी एवढाच रस्ता ठाऊक असतो. रविवारी मंडळात जावे, आपल्या माणसांत बसावे, पुण्याची भाकरवडी आली काय विचारावे. हे वाईट नाही, रायपूरच्या महाराष्ट्र मंडळात आम्हीही जातो. पण मंडळात भेटणारे एक वयोवृद्ध गृहस्थ, ज्यांचे घराणे पाच पिढ्या तात्यापाऱ्यात आहे, एकदा आम्हांस म्हणाले, "तुम्ही बदलीवाले लोक मुलूख पाहता कुठे? तुम्ही घरभाडे पाहता." आम्ही त्यांस काका म्हणतो, तेव्हा उत्तर देण्याचा प्रश्न नव्हता. त्याच आठवड्यापासून आमची रपेट महादेवघाटाच्या पुढे जाऊ लागली.

ऋतूंविषयी, नव्याने येणाऱ्या मंडळींच्या उपयोगासाठी, थोडे लिहून ठेवतो. आषाढ-श्रावणात खारुनचे पाणी पाहावयास जावे, पण फाट्यांवरील मातीच्या वाटेस जाऊ नये. कन्हार एकदा भिजली की चाक धरून ठेवते आणि मग गाडी ढकलण्यास चारजण लागतात. आश्विनात भातावर किडे फार. दिवा लावला की डोळ्यांत शिरतात, म्हणून शिरस्त्राणाची काच खाली असावी. दिवाळीनंतर राऊतांचे नाच सुरू होतात, काठ्या व कवड्यांच्या पोशाखात गावोगाव फिरतात. त्या दिवसांत वाट अडली तर गाडी बंद करून उभे राहावे, हॉर्न वाजवू नये. पौषात धुके लवकर उतरते. चैत्रात परसा फुलतो, म्हणजे आपला पळस, आणि मोहाचा वास रस्त्यावर येतो.

त्या वृद्धाची गाठ पुढे वरचेवर पडू लागली. पाच-सहा महिने त्याने आमच्यावर नजर ठेवली असावी : मनुष्य येतो, उभा राहतो, जातो, मोजीत काही नाही. एका शनिवारी, मार्गशीर्षात, भात निघून गेल्यावर त्याच शेतात उतेऱ्याची तिवरा हिरवीगार उभी होती. तिवरा म्हणजे आपल्या विदर्भातील लाख. तिचे कोवळे शेंडे खुडून भाजी करतात. म्हाताऱ्याने पंचात बांधलेला एक गठ्ठा आणून आमच्या गाडीच्या टाकीवर ठेवला आणि म्हणाला, बाईस सांग, लसूण आणि लाल मिरचीत कर.

आम्ही खिशात हात घातला. त्याने काठीने आमचा हात खाली केला.

सरकारी नोकराने भेटवस्तू घेऊ नये, अशा अर्थाचा 1964 चा वर्तणूक-नियम आम्हांस तोंडपाठ आहे, आणि साधा पाहुणचार त्यात मोडत नाही हा त्याचा अपवादही तोंडपाठ आहे. परंतु टाकीवरच्या त्या गठ्ठ्याकडे पाहताना आठवला तो नियम नव्हे. याच वाटेने गेलेल्या घोड्यांच्या खोगिरांवर या गावाने किती वेळा काय काय ठेवले असेल, आणि ते ठेवताना कोणाचा हात कोणी खाली केला असेल, हे आठवले. देणाऱ्याने न विचारता दिले की ते घ्यावे, असे घरी पत्नीने मत दिले. भाजी लसूण आणि लाल मिरचीतच झाली.

पुढच्या दिवाळीत, पाडव्याच्या दुसऱ्या दिवशी, आम्ही घरच्या करंज्यांचा डबा घेऊन गेलो. कका तरियावर गेला होता. त्याच्या म्हातारीने डबा उघडला, एक करंजी उचलून उजेडात धरली, तिची मुरड बोटाने चाचपली आणि आतल्या सुनेस हाक मारून म्हणाली, "देख तो ओ, ये तो कुसली आय." मग तिने आपल्या कणगीशेजारच्या डब्यातून तीन कुसल्या काढून आमच्या रिकाम्या डब्यात घातल्या. त्यांची मुरड आमच्या घरच्याहून बारीक होती.